छबीनं सोडलेली डाळ

मी जनकाबाईच्या घरची फोडणीची पळी. चुलीमागच्या खिळ्याला टांगलेली असते. आमच्यासारख्यांकडे कुणी मुद्दाम बघत नाही, पण घरातलं सगळं बोलणं फिरून चुलीपाशीच येतं आणि ते मला ऐकू येतं. मला तोंड नाही, ही माझी फार मोठी अडचण झाली एकदा. तेच आज सांगते.

माझा जन्म औंढ्याच्या बाजारातला. एका घिसाड्यानं मला सांडशीत धरलं आणि त्याच्या बायकोनं घणाचे घाव घातले. जनकाबाईनं मला नखानं वाजवून पाहिलं, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाली, "दांडा लांब हाय, हात भाजायचा न्हाई." मग मला काखेत मारून ती दोन कोस चालत घरी आली.

तिचं घर गावाच्या पूर्वेला, बौद्ध वस्तीत. नवरा तरुणपणीच गेला. मुलगा अमृता तेव्हा तीन वर्षांचा होता. दुसऱ्यांच्या रानात निंदणी-खुरपणी करून तिनं त्याला वाढवलं. गावातल्या आडावर तिला दोराला हात लावायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून पाणी ओतायचं आणि तिनं खाली घागर धरायची. शिवायचं नाही, विटाळ होतो. दीक्षा घेतल्यावर वस्तीनं आपला आड खणला. त्या दिवसापासून विटाळ हा शब्द जनकाबाईच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

मला मोहरी, जिरं, लसूण आणि करडईचं तेल एवढंच ठाऊक होतं. तुरीचं घट्ट वरण, त्यावर चर्रकन फोडणी. माझं आयुष्य बरं चाललं होतं.

अमृताला रेल्वेत खलाशाची, म्हणजे मदतनिसाची, नोकरी लागली आणि तो दूर बंगालात खरगपूरला गेला. सत्तर सालच्या थंडीत तो आला तो बायको घेऊनच. तिचं नाव छबी. आईबाप नव्हते, आत्यानं वाढवलेली. तीही आत्या आदल्या वर्षी वारली होती. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, डोळे घाबरलेले.

जनकाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मुलाला विचारलं, "ही भाकर थापती का?"

"न्हाई आई. भात खाती."

"भात? अन रोज कुठनं आणायचा?"

दुसऱ्या दिवशी छबीनं डाळ केली. मसूर दोन पाण्यांत धुतला, हळद-मीठ घालून शिजवला, रवीनं हलकाच घोटला आणि पातळच ठेवला. मग माझ्या वाटीत तेल घातलं. त्यात एक सुकी मिरची आणि पाच तऱ्हांचे दाणे: मोहरी, जिरं, मेथी, बडीशेप आणि कांद्याचं काळं बी. ते तिनं बंगालातून पुरचुंडीत बांधून आणलं होतं. दाणे तडतडले तशी तिनं मला तेलासकट डाळीत बुडवलं आणि वर झाकण दाबून धरलं. दांडा बाहेर, वाटी आत. मी दचकलेच. इतकी वर्षं मी फोडणी वरून ओतत आले होते. आत बुडून राहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण झाकण काढल्यावर जो वास सुटला, तो अजून माझ्या लोखंडात आहे.

जनकाबाईनं पातेल्यात डोकावलं. "अगं बया! वरणात मुंग्या पडल्या!"

अमृता हसून हसून लोळला. छबी रडकुंडीला आली. मग जनकाबाईनं एक काळा दाणा दाताखाली धरला, चावला आणि त्या डाळीत भाकरी कुस्करायला घेतली.

शेजारची गोजरबाई कुंपणापलीकडून हटकायची. "जनके, तुझी बंगालन वरणात गूळ घालती म्हनं? उद्या चहात मीठ घालंल."

"घालू दे. तू पिऊन जा."

"बंगालच्या बाया गड्याचं मेंढरू करतेत म्हनतेत."

"माझं पोरगं आदुगरच मेंढरू व्हतं. तिनं काय येगळं केलं?"

रजा संपली तसा अमृता एकटाच खरगपूरला परतला. हळूहळू दोघी एकमेकींना सरावल्या. उन्हाळ्यात छबी मसुरात कैरीची फोड टाकायची. मूग मिळाले तर ते आधी कोरडेच बदामी भाजायची, मग शिजवायची आणि खोबऱ्याचे तुकडे घालायची. सासू भाकरी थापायला शिकवायची आणि सून डाळ.

एक गोष्ट मात्र जनकाबाईला कधीच कळली नव्हती. ती पहिली डाळ रांधायच्या आधीच छबीनं नवऱ्याला हळूच विचारलं होतं, "मांची, तुमच्या आईची डाळ वेगळी करू का? त्या विधवा आहेत."

"वेगळी काहून?"

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या आत्याला ती पिशी म्हणायची. पिशी सोळाव्या वर्षी विधवा झाली. त्यांच्याकडे विधवेनं मासा खायचा नाही, कांदा-लसूण नाही आणि मसूरही नाही. मसूर मासळीच्या बरोबरीचा धरतात. पिशीची चूल वेगळी, भांडी वेगळी. सात वर्षांच्या छबीनं एकदा खेळता खेळता मसुराची पळी पिशीच्या मुगात बुडवली. पिशी रागावली नाही. तिनं मूग गाईला घातले आणि दिवसभर उपाशी राहिली.

अमृता म्हणाला, "आमच्यात तसलं काही न्हाई. आई समदं खाती. तू बिनधास्त वाढ." तिनं वाढलं आणि हे बोलणं तिथंच संपलं. आईला सांगावं, असं दोघांनाही वाटलं नाही.

बहात्तर साली पाऊस गेला. त्याच वर्षी छबीला मुलगी झाली. आजीनं तिचं नाव सुजाता ठेवलं. अमृता बारशाला येऊन मुलीला पाहून गेला आणि दोन महिन्यांत तार आली. तापानं तो तिकडेच गेला. सोबतच्या माणसांनी त्याला तिकडेच अग्नी दिला. घरी आली ती फक्त त्याची पत्र्याची पेटी.

जनकाबाईनं सुनेला जवळ घेतलं. "बांगड्या फोडायच्या न्हाईत. आपल्यात ते न्हाई," असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. पण शंखाच्या बांगड्या छबीनं स्वतःच उतरवून पेटीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिनं मला राखेनं लख्ख घासलं, सासूसाठी मसुराला फोडणी दिली आणि स्वतः कोरडी भाकरी मिठाशी खाल्ली. मी समजले. जनकाबाई समजली नाही.

पुढचा उन्हाळा कसा गेला, हे सांगवत नाही. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी तव्यावरच तडकायची. तूर-मूग दिसेनासे झाले. वाण्याकडे मसूर तेवढा कधीमधी असायचा. जनकाबाई पाझर तलावाच्या कामावर दगड उचलायला जायची आणि तिथं मजुरांना खायला मिळणाऱ्या सुकडीतली मूठभर पदराला बांधून सुनेसाठी आणायची. तेवढ्यानं काय होणार? छबीच्या गालांची हाडं वर आली. अंगावरचं दूध आटलं. पाच महिन्यांची सुजाता झोळीत रडायची, पण तिचं रडणंही बारीक होत चाललं होतं. वस्तीतल्या दोन्ही शेळ्या कधीच्या आटल्या होत्या.

"सून मनानं खचली," गोजरबाई म्हणाली. "माहेराची आठवन येत असंल. तिच्या आवडीचं काही कर."

आणि जनकाबाईनं काय केलं असेल? तिनं मसूर आणला. दिवसभर दगड उचलून आलेली ती बाई स्वतः चुलीपुढं बसली. पाचही तऱ्हांचे दाणे बोटांवर मोजत तिनं माझ्या वाटीत टाकले. जास्त चव यावी म्हणून लसणाच्या चार पाकळ्याही टाकल्या. छबी करायची तसं मला डाळीत बुडवलं आणि वर झाकण धरलं. मी आत तळमळत होते. अगं माउली, हेच तर तिला चालत नाही! पण पळीला कुठली वाचा?

छबीनं ताट बाजूला सारलं. एकदा नाही, आठ दिवस. जितकी ती सारायची, तितकी जनकाबाई आणखी मायेनं तेच रांधायची.

नवव्या दिवशी कामाला सुट्टी होती. दुपारची जेवणं चालली होती. झोळीतून आवाज येईनासा झाला, म्हणून जनकाबाईनं उठून पाहिलं. लेकरू जागंच होतं, नुसतं वर बघत होतं. ती परत आली ती पेटूनच.

"काहून खात न्हाईस? माझ्या हातचं गोड लागत न्हाई का?"

"भूक नाही, मा."

"तुला नसंल. तिला हाय! पोरगं माझं बी गेलं. मी भाकर सोडली का?"

असं म्हणून तिनं मला डाळीतून भरून काढलं आणि सुनेच्या भाकरीवर ओतायला नेलं. छबीनं ताट झटकन मागं ओढलं. "नको मा, ती पळी नको! विटाळ होतो."

हा शब्द ती इथल्याच बायकांकडून शिकली होती. त्याचं ओझं तिला ठाऊक नव्हतं. जनकाबाईचा हात तसाच राहिला. माझ्यातली डाळ जमिनीवर ठिबकत होती.

"काय म्हनलीस? माझ्या चुलीवर? उभा जलम वरून वतलेलं पानी पिले मी ह्या एका शब्दापायी. अन आता माझ्या सुनंच्या तोंडून ऐकू?"

छबीनं ताट खाली ठेवलं. तुटक्या मराठीत, मधेच हिंदीत तिनं सगळं सांगून टाकलं. पिशी, वेगळी चूल, मासा, मसूर. जनकाबाई ऐकत राहिली.

"मंग मी कोन हाय गं? मी बी बिनानवऱ्याचीच हाय. दोन वर्सं तुझ्या हातची मसूर खाल्ली. मी भरष्टले का?"

"तुमच्यात चालतं, मा."

"अन अमृता कोनाच्यातला व्हता? तू कोनाच्यातली?"

छबीला रडू फुटलं. "सगळं कळतं, मा. परवा तुम्ही कामावर गेल्यावर मी एक घास खाल्ला. पिशी समोर दिसली. उलटी झाली. गळाच बंद होतो. मी काय करू?"

जनकाबाई उठली. पदर खोचला आणि बाहेर निघून गेली. मला वाटलं, आता ही सुनेचं तोंड पाहणार नाही.

थोड्या वेळानं ती गोजरबाईला घेऊन आली. गोजरबाईच्या हातात फडक्यात बांधलेले ओंजळभर मूग होते. पेरणीसाठी गाडग्यात राख लावून ठेवलेले. एवढा दुष्काळ पडला, पण तिनं त्यांना हात लावला नव्हता.

"घे जनके. लेकरू जगलं तर पेरता येतंय कवाबी."

जनकाबाईनं बाभळीची लाकडं सारली, मला उचललं आणि सरळ निखाऱ्यांत खुपसलं. मग फुंकणी घेऊन ती फुंकत बसली. घाम तिच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होता.

"तुझं मला पटत न्हाई," ती सुनेकडे न बघता म्हणाली. "कवाच पटायचं न्हाई. पन जाळात घातल्यावर लोखंडाला काही राहत न्हाई ना तुमच्यात? मसुराचा वास बी राहू देत न्हाई मी. मूग रांधते. तू खा."

मी तापत गेले. आधी काळी, मग मळकट तांबडी. घिसाड्याच्या भट्टीनंतर इतका जाळ मी पाहिला नव्हता. माझी वाटी एका अंगाला ओढली जाऊ लागली. पण खरं सांगते, मला माझं दुःख नव्हतं. मी त्या म्हातारीचा चेहरा पाहत होते. ज्या शब्दापायी तिनं आड सोडला, देव सोडले, तोच विटाळ ती आज स्वतःच्या हातानं जाळून काढत होती, जणू तो खराच होता.

हे छबीनंही पाहिलं. ती भिंतीला धरून उठली. सासूच्या हातातली फुंकणी काढून घेतली.

"बस, मा. बस झालं."

तिनं चिमट्यानं मला बाहेर काढलं. मुगाचं फडकं पुन्हा बांधलं, घट्ट गाठ मारली आणि गोजरबाईच्या हातात ठेवलं. "पेरा मावशी."

मग मसुराचं पातेलं पुढं ओढलं. माझ्या वाटीत तेल टाकताच भडका उडाला आणि दाणे करपले. तरी तिनं मला डाळीत बुडवलं. झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिनं भाकरी कुस्करली, डाळ घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. लगेच उठून अंगणात धावली.

"राहू दे गं," जनकाबाई म्हणाली. ती पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेली. "राहू दे लेकी."

छबी चूळ भरून परत आली आणि ताटावर बसली. "वाढा."

दुसरा घास तिनं डोळे मिटून, पाण्याच्या घोटाबरोबर गिळला, कडू औषध गिळावं तसा. मग तिसरा. जनकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. सगळं ताट रिकामं व्हायला तासभर लागला.

दूध लगेच आलं नाही. आठ-दहा दिवस आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला होता. मग एका सकाळी सुजाता मोठ्यानं रडली. तिचा तो भरलेला आवाज ऐकून गोजरबाई कुंपणापलीकडून ओरडली, "आता झोपू द्यायची न्हाई ही कोनाला!"

या गोष्टीला सहा वर्षं झाली. सुजाता पहिलीत जाते. घरात स्टीलची नवी पळी आली आहे. माझी वाटी कललेली, रिव्हेट ढिला, तेल एका बाजूनं ओघळतं. तरी मसुराच्या फोडणीला छबी मलाच काढते. आणखी थोडी वर्षं मी टिकेन. मग भंगारवाला नेईल.

जाण्याआधी एवढंच मागते. तुमच्या घरात कुणी बाई काही न बोलता ताटातलं बाजूला सारत असेल, तर नुसतं आणखी वाढत राहू नका. तिच्याजवळ बसा आणि तिला विचारा. मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.

छबी बरी आहे, असं लोक म्हणतात. मी जवळून पाहते, म्हणून मला ठाऊक आहे. आजही मसुराच्या पहिल्या घासाला तिचा हात थांबतो. समोर बसलेली जनकाबाई तेव्हा उगीच मीठ शोधते, पाण्याचा तांब्या सरकवते, नातीचा परकर नीट करते. सुनेचा तो घास गळ्याखाली उतरलेला दिसला, की मगच ती आपली भाकरी मोडते.