चार वायरींचे जोड

तपासणी केंद्राच्या रांगेत इंजिनातला बिघाड दाखवणारा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पुन्हा लागला आणि रेडिओकाकांनी त्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली.

जन्मभर रेडिओ नि टीव्ही दुरुस्त केल्यामुळे त्यांना हे नाव चिकटलं होतं. दुकान बंद झालं तरी नाव काही सुटलं नाही. शेजारी स्टिअरिंगवर त्यांची लेक होती. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या नर्सची नोकरी तिला लागली होती, सोमवारपासून. अट एकच, गाडी स्वतःची हवी आणि तिच्या धुराचं प्रमाणपत्र आजच दाखवायला हवं. केंद्र दुपारी बंद होणार होतं.

"बाबा, सकाळी तर विझला होता ना हा?"

"विझेल गं. तू घे गाडी पुढे," काका म्हणाले, पण नजर दिव्यावरून हटली नाही.

दोष धुराच्या नळीवरच्या ऑक्सिजन सेन्सरचा होता; तो बिघडला की इंधन जास्त जळतं आणि धूर वाढतो. कंपनीचा लवकर मिळेना, म्हणून बाजारातला, कुठल्याही गाडीला चालणारा आणला. असल्या सेन्सरला प्लग नसतो. जुन्याचा प्लग कापून त्याच्या चार वायरी नव्याला जोडायच्या. गॅरेजवाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणाला तेव्हा काकांना चेव आला. वायर जोडायला यांना गॅरेजवाला लागणार होय! त्यांनी सेन्सर पाना लावून घट्ट बसवला. सोबत आलेल्या, पक्कडीने दाबायच्या धातूच्या नळ्या मात्र खिशात टाकल्या. दाबून जोडलेली वायर म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध कामचलाऊपणा. त्यांनी सोल्डरिंग गन काढली आणि मनगट फळीला टेकवून वितळलेल्या कथलाने चारही जोड असे चकाचक केले की स्वतःच बघत बसले.

मनगट टेकवावं लागलं, कारण गेले काही महिने उजवा हात थरथरत होता. हे लेकीला ठाऊक नव्हतं, आणि काकांना कळू द्यायचंही नव्हतं. आईच्या आजारपणात पोरीने एक नोकरी सोडली होती. आता ही सोडली असती, तर काकांना स्वतःला माफ करता आलं नसतं.

रांगेतूनच त्यांनी सेन्सर विकणाऱ्या सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला.

"काका, जोड सोल्डर तर नाही ना केलेत?"

"केलेत. एक नंबर केलेत."

"अहो, घात केलात! तो सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या आतल्या तारांमधून ओढतो. त्यात सोल्डर शिरलं की गुदमरलाच तो. कापा आणि नळ्या दाबून जोडा."

काकांनी फोन खाली ठेवला. एवढी वर्षं ज्या कामाने घर चालवलं, त्याच कामाने आज पोरीची वाट अडवली होती.

"माझीच चूक आहे," ते लेकीला म्हणाले. "गाडी बाजूला घे."

तिने मागच्या गाड्यांना पुढे जायची खूण केली आणि बॉनेट उघडलं. काकांनी बॅटरीची वायर काढून ठेवली, आपले चकचकीत जोड कापले, मग सोल्डर जिथवर शिरलं होतं तिथवर वायरीही कापल्या. आता त्या जेमतेम पुरत होत्या. एक जोड बिघडला की संपलं. त्यांनी खिशातल्या नळ्या काढल्या आणि पहिली वायर नळीत सरकवायला घेतली. ती कडेला लागून बाहेर आली. पुन्हा घेतली, पुन्हा बाहेर. पुढे फाटकावरचा माणूस घड्याळ बघत होता.

लेक गाडीकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

आता लपवून काय उपयोग? काकांनी पक्कड तिच्या हातात दिली. "माझ्याच्याने होत नाही. मी सांगतो, तू दाब. काळीला काळी. हं, दाब जोरात. आता ओढून बघ."

चारही जोड घट्ट बसले. वायरी धुराच्या गरम नळीपासून दूर बांधून त्यांनी बॅटरी जोडली आणि गाडी रांगेच्या शेपटाला लावली. एकेक गाडी पुढे सरकत होती. काका मनातल्या मनात दिव्याला शिव्याही देत होते आणि त्याच्या पायाही पडत होते.

पाळी आली. तपासनिसाने मागच्या नळीत यंत्राची दांडी सारली. "रेस द्या."

काकांनी डोळे गच्च मिटले. इंजिन गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं.

"बाबा, उघडा डोळे."

दिवा विझलेलाच होता. तपासनिसाने प्रमाणपत्र खिडकीतून आत दिलं आणि पुढच्या गाडीला हाक मारली.

फाटकाबाहेर आल्यावर लेकीने गाडी कडेला घेतली. प्रमाणपत्र तिने मांडीवर ठेवलं आणि इंजिन बंद केलं. काकांना वाटलं, आता म्हणेल, राहू दे ती नोकरी. थरथरता हात त्यांनी हळूच मांडीखाली दाबला.

"हे बघ, तू सोमवारी जायचंस," ते घाईघाईने म्हणाले. "माझ्यापायी ही नोकरी सोडलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"कोण सोडतंय?" डोळे पुसत तिने मागच्या सीटवरची आपली रुग्ण तपासायची नवी बॅग पुढे ओढली. "सोमवारची वाट कशाला बघू? हात काढा बाहेर. कधीपासून होतंय हे?"