किल्ल्यांचा फळा

आमच्या महिला सेवा मंडळाला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्याचा इतिहास लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. जन्मभर कचेरीत टंकलेखन केलं, एवढीच माझी पात्रता. मंडळाचं मुख्य काम एकच: एकट्या राहणाऱ्या बायकांकडे रोज सकाळी कुणीतरी डोकावून यायचं. त्यांच्या घरांच्या किल्ल्या मंडळाच्या खोलीत एका फळ्यावर टांगलेल्या असतात. भेट झाली की वहीत ओळभर लिहायचं.

गेल्या आठवड्यात मी न्हाणीघरात पडले. दोन तास फरशीवर होते. परगावच्या लेकाने इतका धसका घेतला, की मंडळाला फोन करून सोमवारपासून माझीही किल्ली फळ्यावर लावायला लावली. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच सोमवारी जुन्या वह्या चाळताना शिंपीणबाईंचं पान निघालं. माझे लग्नातले कपडे त्यांनी शिवले होते. बुधवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हाक मारली, उत्तर नाही. किल्लीने आत गेले. बाई शांत झोपल्या होत्या. सर्व ठीक.' गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच. पानाला डॉक्टरांचा दाखला टाचला होता. बाई मंगळवारीच गेल्या होत्या.

अध्यक्षांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांच्यापुढे वही ठेवली, तर त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. पूर्वी बायका सोमवारीच आठवडाभराचं लिहून टाकत, म्हणाल्या. प्रत्येकीच्या मागे घरचा व्याप होता, कुणाकुणाला बोल लावायचा?

"आणि आता?" मी विचारलं.

"तू चांगलं तेवढं लिही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी मान डोलावली. निघताना मात्र माझी किल्ली फळ्यावरून काढून पर्समध्ये टाकली. म्हटलं, बघू तरी, कितीजणी विचारायला येतात.

मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी दाराशी पावलं वाजली, ती पेपरवाल्याची निघाली. गुरुवारी मी सकाळभर दाराकडे तोंड करून बसून राहिले आणि मग स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी मंडळात गेले. माझा खिळा रिकामाच होता. मोठ्या बाई कुणाशी तरी हसत बोलत होत्या, मला बघून त्यांनी हात केला. मी चालू वही उघडली. माझं पान रविवारपर्यंत भरलेलं होतं. बुधवारी माझ्या पायाची सूज उतरली होती. गुरुवारी मी चहा केला होता म्हणे.

उद्याच्या, शनिवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हाक मारली, उत्तर नाही. किल्लीने आत गेले. बाई शांत झोपल्या होत्या. सर्व ठीक.'

पर्स चाचपली. किल्ली आतच होती. तेवढ्यात लेकाचा फोन आला.

"आई, मंडळातून कळलं, रोज येतात तुझ्याकडे. जीव भांड्यात पडला बघ. आता मी रोज फोन नाही केला तर चालेल ना?"