उलट्या आट्यांचा कारखाना

मोठ्या बाईंच्या कारखान्यात तयार होणारा प्रत्येक नळ उलटा फिरत असे, आणि तो उलटा आहे असे त्यांच्या तोंडावर म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. इतरांचे नळ डावीकडे फिरवले की सुरू होतात आणि उजवीकडे फिरवले की बंद. बाईंचे उजवीकडे सुरू आणि डावीकडे बंद.

"आमचा नळ सरळ आहे," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगत. "जगाला उलटी सवय लागली, त्याला आम्ही काय करणार?"

ह्या सरळपणाचा इतिहास असा. बाईंचे यजमान तरुणपणी नळदुरुस्तीची किरकोळ कामे करत. एकदा दाढीसाठी न्हाव्याच्या खुर्चीत बसले असता त्यांना समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरचा एक नळ दिसला. हंसासारखी मान, गुबगुबीत मूठ, अंगावर डाग म्हणून नाही. न्हाव्याने वाटी भरायला मूठ फिरवली आणि पाणी असे आले की जणू आमंत्रणाचीच वाट पाहत होते. यजमान जागच्या जागी प्रेमात पडले. तोंडाला साबण तसाच ठेवून त्यांनी कागद मागितला आणि आरशात दिसला तसा नळ उतरवून घेतला. मान कोणत्या अंगाला झुकते, मूठ कोणीकडे फिरते, सगळे सगळे. एकदा मागे वळून पाहावे असे त्यांना सुचले नाही. पण गळ्यावर वस्तरा असताना मान वळवणारा माणूस कारखाने काढायला उरत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

घरी येऊन त्यांनी त्या चित्राबरहुकूम सागवानाचा साचा कोरला, त्यावरून पितळ ओतले, आणि आटेही आरशातल्यासारखेच पाडले. पहिला नळ स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवला. फिरवून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"उलटा झाला का गं हा?" त्यांनी विचारले.

बाई तेव्हा नव्याने घरात आलेल्या होत्या. त्यांनी ओले हात पुसले, नळ दोनदा उघडबंद केला, आणि थेंबही गळत नाही हे पाहून निकाल दिला, "नळाला हात लावू नका. हात बदला."

ह्या एका वाक्यावर पुढचा सगळा कारखाना उभा राहिला. त्याच आट्यांचे बेसिनचे नळ निघाले, सिंकवरचे लांब मानेचे निघाले, शॉवर निघाले, मुख्य वाहिनीचे दांडगे वॉल्व्ह निघाले. माल असा की पिढ्या गेल्या तरी वायसर बदलावा लागू नये. गिऱ्हाइके पहिला आठवडा शिव्या देत आणि नंतर आयुष्यभर नाव काढत.

घरच्यांची गोष्ट मात्र निराळी झाली. त्यांचे हात इतके बदलले की परक्या घरात ते नळ बंद करायला जात आणि पूर्ण सोडून येत. सूनबाईंनी स्वतःच्या माहेरी तीनदा पूर आणला होता. नातेवाइकांकडे ह्या कुटुंबाचे पाहुणे आले की यजमानीण स्वतः तांब्या घेऊन त्यांच्या हातांवर पाणी घाले. बाईंना तो मानपान वाटे.

यजमान गेल्यावर कारभार चिरंजीवांकडे आला, म्हणजे सह्या चिरंजीवांच्या आणि कारभार बाईंचा. आणि ह्याच चिरंजीवांनी एका सकाळी चहाच्या टेबलावर विषय काढला.

"आई, आज हॉटेलवाले साहेब येतायत. त्यांची गावोगावी हॉटेलं आहेत. त्यांच्यासाठी मी एक वेगळा नमुना करून घेतलाय."

"वेगळा म्हणजे?"

चिरंजीवांनी कपात पाहिले. "डावीकडे उघडणारा."

सूनबाईंनी बिस्किटांची बशी हळूच बाईंच्या हाताच्या टप्प्याबाहेर सरकवली.

"कोणी केला?"

"बाहेरून करून आणला. आई, आता नवी गिऱ्हाइकं हात बदलत नाहीत, दुकान बदलतात. साहेबांना तो पसंत पडला तर आपण सगळा माल तसाच करायचा. जुना साचा भट्टीत घालून टाकू, म्हणजे परत मोह नको."

"ह्यांनी हाताने कोरलेला साचा? भट्टीत?" बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की घरातली माणसे खुर्च्या मागे सरकवत. "मग ऐक. दोन्ही नळ त्या साहेबांपुढे ठेव. त्यांनी तुझा निवडला तर साचा मी माझ्या हाताने भट्टीत टाकीन. आपला निवडला तर हा विषय ह्या घरात पुन्हा काढायचा नाही. आहे कबूल?"

"कबूल," चिरंजीव म्हणाले.

"आई, मला विचाराल तर सरळ नळ बरा," सूनबाईंनी धीर केला. "माहेरी मला अजून बाथरूममध्ये एकटीला सोडत नाहीत."

"तुझ्या माहेरचे नळच तसे," बाई म्हणाल्या.

नमुन्यांची खोली कारखान्याच्या दर्शनी भागात होती. भिंतीवर यजमानांची तसबीर, तिच्याखाली काचेच्या पेटीत सागवानी साचा, आणि समोर लांबलचक सिंक. सिंकवर त्या दिवशी दोन नळ शेजारीशेजारी उभे होते. पाणी नेहमी बेताचेच सोडलेले असे. त्याचा वॉल्व्ह सिंकखाली होता. दाराशी मिस्त्री हजर होते. चिरंजीव आणि बाई ह्यांच्यामध्ये सापडून वर्षानुवर्षे दाब सोसल्यामुळे कारखान्यात त्यांना 'वायसर' म्हणत.

साहेब आले. उंची सूट, चकचकीत बूट, बोलणे मोजके. त्यांनी आधी बाईंचा नळ डावीकडे फिरवला.

"पाणी नाही का तुमच्याकडे?"

"पाणी आहे. तुमचा हात चुकला," बाई म्हणाल्या.

साहेबांनी उजवीकडे फिरवला. धार पडली, काचेच्या कांडीसारखी. त्यांनी नळ बंद केला, खाली बोट धरून थेंबाची वाट पाहिली. थेंब आला नाही. "माल उत्तम आहे," ते म्हणाले, "पण माझे पाहुणे रात्री दमून येतात हो. त्यांना कोण शिकवणार?" मग त्यांनी दुसरा नळ उघडला, मान डोलावली, आणि म्हणाले, "हा कसा, विचार न करता उघडतो."

बाईंनी पेटीतल्या साच्याकडे पाहिले. मग पदर खोचला.

"उघडतो कोणीही. नळाची पारख बंद करताना होते. बाजूला व्हा, मी बंद करून पाहते."

आणि त्यांनी जन्मभराच्या खात्रीने मूठ डावीकडे वळवली.

धार दुप्पट झाली. बाईंनी आणखी वळवली. पाणी सिंकच्या काठावर नाचू लागले.

"आई, उजवीकडे! उजवीकडे!" असे ओरडत चिरंजीव धावले, आणि तोंडाने उजवीकडे म्हणत म्हणत हाताने त्यांनी मूठ डावीकडे पिळली.

"तुम्ही सरका," म्हणत सूनबाई पुढे झाल्या आणि मुठीला आणखी एक वेढा देऊन मागे आल्या.

"वायसर, बघता काय नुसते!" बाई गरजल्या.

मिस्त्री पाना घेऊन आले. त्यांनी पाय रोवले, श्वास घेतला, आणि इतक्या निष्ठेने नळ बंद केला की मुठीसकट आतला दांडा सुटून वर उडाला आणि छताच्या पंख्यात जाऊन अडकला. त्याच्या मागोमाग पाण्याचा कारंजा. तसबिरीतल्या यजमानांच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळू लागले. ते हसत आहेत असा सूनबाईंना भास झाला.

"अहो, खालचा वॉल्व्ह!" साहेब ओरडले. सूटसह ते सिंकखाली शिरले, चाक पकडले, आणि साऱ्या जगाप्रमाणे उजवीकडे गरागरा फिरवले.

बेताचे सोडलेले पाणी पूर्ण सुटले. कारंजा छताला भिडला. साहेब आणखी जोराने फिरवत राहिले.

"बाहेर या," बाई म्हणाल्या. साहेब बाहेर आले. बाईंनी वाकून, एका हाताने चष्मा सावरत, दुसऱ्या हाताने चाक डावीकडे वळवले. सगळे एकदम शांत झाले. छतावरून तेवढे ठिबकत होते.

बाईंनी केसांतले पाणी निपटले, काचेची पेटी उघडली आणि साचा बाहेर काढला. "तुम्ही निवड केलीत, साहेब. मी शब्दाला जागते. भट्टी कोणीकडे आहे मला ठाऊक आहे."

"थांबा हो," साहेब बुटातले पाणी ओतत म्हणाले. "हा खालचा वॉल्व्ह कोणाचा?"

"आमचाच. ह्याच आट्यांचा."

"म्हणजे न शिकलेला माणूस तो बंद करायला गेला की..."

"तुमच्यासारखा भिजतो."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांच्या हॉटेलांत धोबीखान्याची माणसे चोरून स्वयंपाकघराचे पाणी बंद करत आणि आचारी चोरून धोबीखान्याचे. रोजची भांडणे सोडवून साहेब टेकीला आले होते. "मला हे वॉल्व्ह हवेत. प्रत्येक हॉटेलात. जो बंद करायला जाईल तो दुसऱ्याचंच पाणी वाढवून येईल! एकदा आमच्या नळजोडणीच्या ठेकेदाराला तेवढं शिकवा, बस्स."

"आणि खोल्यांतले नळ?" चिरंजीवांनी भीत भीत विचारले.

"ते सरळच. म्हणजे," साहेबांनी बाईंकडे पाहून चटकन दुरुस्ती केली, "तुमच्या हिशेबाने उलटे."

बाईंनी साचा पुसून पुन्हा पेटीत ठेवला. पेटीची काच मात्र त्या पदराने पुसतच राहिल्या. ती ओली होती म्हणून, असे त्यांनी नंतर सांगितले.

"आई, मग पैज कोण जिंकलं?"

"साचा कुठे आहे?"

"पेटीत."

"मग विचारतोस काय?"

अडचण एकच उरली, आणि ती मिस्त्रींनी मांडली. "बाई, ते उलटे नळ तपासायचे कोणी? मी एक तपासला. तो अजून पंख्यात आहे."

कारखान्याच्या इतिहासात प्रथमच बाहेरचा हात नेमायचे ठरले. उमेदवारांच्या मुलाखती बाईंनी स्वतः घेतल्या. शिक्षण विचारले नाही, अनुभव विचारला नाही. प्रत्येकाला साबण देऊन कारखान्याच्या नळावर हात धुवायला पाठवले. पुष्कळजण धुऊन आले. गावात बाईंचे नळ फार. त्यांना परत पाठवण्यात आले. शेवटी परगावचे एक जाडजूड गृहस्थ दोन्ही हातांना फेस तसाच घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, नळाला पाणी नाही."

"उद्यापासून या," बाई म्हणाल्या.

"पण बाई," मिस्त्री कुजबुजले, "आपल्यात राहून ह्यांचाही हात बदलला तर?"

बाईंना ते पटले. त्या गृहस्थांपुरता कोपऱ्यात एक वेगळा नळ बसवण्यात आला आणि त्यावर बाईंनी पाटी लावून घेतली: 'हा नळ उलटा आहे. घरच्या माणसांनी हात लावू नये.' आणि त्या कोपऱ्यावरून जाताना मोठ्या बाई, मान ताठ ठेवून, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून जाऊ लागल्या.