चेटकिणीचे आवाज

तिला 'भोंगा' हे नाव आजोबांनीच दिलेलं. पोरीचा घसाच तसा! त्यामुळे चेटकिणीला डिवचायचं काम ओघानंच तिच्याकडे आलं.

चेटकीण म्हणजे शेजारच्या बाई. ऐन उकाड्यातही खिडक्या गच्च लावून बसायच्या, कुणाकडे जाणं नाही की येणं नाही. भिंतीला कान लावला की आत कधी म्हातारा खोकायचा, कधी बाळ रडायचं. आणि घरात माणूस एकच! पोरांची बोबडी वळायची. तरी भोंगा खिडकीखाली जाऊन ओरडायचीच, "चेटकीणबाई, बाहेर या!"

अशात काचबिंदूनं आजोबांचे डोळे गेले. जन्मभर पुस्तकात नाक खुपसून बसलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. अन्नावरची वासनाच उडाली. मग आईनं अंधांच्या ग्रंथालयातून एक कादंबरी आणली, कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित केलेली; एकेक प्रकरण तयार होईल तसं मिळायचं. पहिलं प्रकरण आजोबांनी पडूनच ऐकलं. पुढे कधीतरी उठून बसले नि म्हणाले, "सूनबाई, भूक लागलीय." आई डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाली.

एकदा भोंगाही ऐकायला बसली. गोष्टीतला म्हातारा खोकला, बाळ रडलं, आणि मध्येच लांबून आलं, "चेटकीणबाई, बाहेर या!" वाचणारा आवाज थांबला. एक सुस्कारा. मग गोष्टीतलं अर्धवट राहिलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच मायेनं.

"हा गळा तर आपल्या घरचा," आजोबा म्हणाले. भोंगाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

शेवटचं प्रकरण आलंच नाही. ग्रंथालयातून कळलं, बाहेरच्या गलक्याला कंटाळून बाईंनी वाचन सोडलं. आजोबा पुन्हा भिंतीकडे वळले, ताट तसंच परत गेलं.

भोंगानं शेजारचं दार वाजवलं. बाई समोर आल्या.

"ती ओरडणारी... मीच. चुकलं माझं. पण शेवट सांगा ना! आमचे आजोबा जेवत नाहीयेत."

बाई आत गेल्या. परत आल्या त्या पायांत चपला घालून आणि हातात पुस्तक घेऊन.

आजोबांच्या खाटेशी बसून त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. ते संपल्यावर आजोबांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "बाई, मी गेल्यातच जमा होतो. तुम्ही मला माघारी आणलंत."

बाईंनी पुस्तक मिटलं. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी भिंतींनाच वाचून दाखवतेय." त्यांनी चष्मा पुसला. "सांगा, आता कोणतं पुस्तक घेऊ?"