पुष्पाची चौकशी

शनिवारच्या शेवटच्या दोन तासांना मला बारावीच्या पोरांकडून नोकरीचा अर्ज आणि बायोडाटा लिहून घ्यायचा असे. मंचरच्या आमच्या कॉलेजात हा विषय कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्याकडे आला. सलग सहा वर्षं मी फळ्यावर तोच नमुना लिहीत होतो आणि पोरं तो जसाच्या तसा उतरवीत होती. एकानं तर नमुन्यातल्या बापाचं नावही उतरवलं. विचारलं तर म्हणाला, "सर, तुमीच म्हणलात, एक अक्षर इकडचं तिकडं करू नका."

माणसाच्या जमेच्या बाजूला काय लिहावं, हे आमच्याकडं कुणाला सांगता येत नाही. गोरखनं शिक्षणाखाली विहीर आणि बागायत रान लिहिलं.

"अरे, कंपनीला तुझी विहीर कशाला?"

"आपण काय नडलेलो न्हाई, एवढं तरी कळू द्या सर त्यांना."

पुष्पाची गोष्ट उलटी. अवसरीच्या जालिंदर मेंढपाळाची ही पोरगी. तिनं 'अनुभव' समोर आडवी रेघ मारून ठेवली होती. मी म्हणालो, "दिवाळीनंतर तू महिना महिना कॉलेजात नसतेस, ती कुठं असतेस?"

"मेंढरांमागं."

"तिथं काय करतेस?"

"दादा, म्हंजे वडील, मेंढरं बघतात. मी म्होरं जाऊन रानं ठरवते. कुणाच्या वावरात किती राती मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किती घ्यायचं, त्ये."

"अनोळखी गावात?"

"वळखीच्या गावात कोण धान्य देतंय सर?"

वर्ग हसला. मी तेच तिच्याकडून अनुभवात लिहून घेतलं. नारायणगावच्या एका बियाण्याच्या कंपनीला गावोगाव फिरून शेतकरी बायकांशी बोलणारी मुलगी हवी होती. जागा जणू तिच्या मापानं बेतलेली. तिला ती हवीही होती, कारण जालिंदरनं साफ सांगून टाकलं होतं: नोकरी लागली तर दोन वर्षं थांबतो, नाहीतर वैशाखात लगीन. स्थळं बघायला सुरुवातही झाली होती.

बायोडाट्याच्या तळाशी 'संदर्भ' म्हणून गावातल्या जाणत्या माणसाचं नाव आणि फोन द्यायचा असतो. अवसरीच्या सगळ्या पोरांनी एकच नाव दिलं: कुंडलिकभाऊ. त्यांचं किराणा दुकान आहे, दुकानात फोन आहे, आणि ते कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत. यातलं शेवटचं आम्हाला महागात पडणार होतं.

पंधरवडा झाला तरी कंपनीचं पत्र नाही. शेवटी मीच कॉलेजातून फोन लावला. तिथले साहेब सभ्य माणूस निघाले. म्हणाले, "सर, कागदावर मुलगी चांगली होती. पण तुम्ही दिलेल्या गृहस्थांकडं मी चौकशी केली. ते म्हणाले, ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, परक्या माणसाशी बोलत नाही. आम्हाला फिरणारी हवी हो. सोमवारी दुसरीला बोलावतोय."

 कॉलेज सुटल्यावर पुष्पाला सगळं सांगितलं आणि तिला घेऊन अवसरीच्या एसटीत चढलो. 

दुकानाच्या बाकड्यावर गावातला सोपान आणि आणखी दोघं, भाऊंचे रोजचे गप्पिष्ट, बसले होते. कुंडलिकभाऊ मला बघून खूश झाले. "या सर! पोरे, तुझं काम केलंय बरं का मी. नारायणगावचं पावणं लई खोदून इचारत व्हतं."

"काय विचारलं त्यांनी?" मी म्हणालो.

"म्हणले, जालिंदरच्या मुलीची चौकशी करायची व्हती, सवभाव कसाय. आता पोरीची चौकशी म्हंजे कशाची, हे का सांगाया लागतंय? मी म्हणलं, गाय हाय गाय. आजवर कुणी तिचा आवाज आयकला न्हाई. बापाच्या शब्दाभायेर न्हाई. एकटी कुठं जात न्हाई."

"मामा, ते कंपनीचं व्हते," पुष्पा म्हणाली.

कुंडलिकभाऊंचा तराजूवरचा हात थांबला. "मग आदी सांगाया नको का त्यानं?"

"तुमी बोलू दिलं का त्याला?" बाकड्यावरून सोपान म्हणाला. "मी हितंच व्हतो. तुमी तर लग्नाच्या मानपानावर आला व्हता."

मी म्हणालो, "भाऊ, झालं ते झालं. आता पुन्हा फोन करा आणि खरं काय ते सांगा. पोरगी एकटी परगावी जाते, परक्या माणसांशी सौदा करते."

"म्या सांगू?" भाऊंनी बाकड्याकडं पाहिलं, मग आवाज उतरवला. "सर, तुमी शिकलेलं माणूस. ह्या दुकानात बोललेलं सांजंला घरोघर जातं. उद्या खरोखरचं पावणं आलं तर? पोरीची बदनामी माज्या तोंडानं व्हायची न्हाई."

त्यांचंही खोटं नव्हतं. एकाच पोरीचे दोन हिशेब, आणि एकाची जमा ती दुसऱ्याचा खर्च. मला वाटलं, चहा घ्यावा आणि शेवटच्या गाडीनं घरी जावं.

पुष्पा म्हणाली, "सर, नंबर सांगा."

मी सांगितला. तिनं फोन लावला.  सोपाननं तंबाखू मळायची थांबवली.

"साहेब, मी पुष्पा बोलते, अवसरीची. तुमाला मामांनी जे सांगितलं ते लग्नासाठी सांगितलं. खरं मी सांगते." तिचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. "मी एकटी फिरते. आळे गावापासनं पुढची गावं मला म्हाईत हायेत. परक्या माणसाशी बोलते, आन् धान्य कमी दिलं तर भांडते बी... न्हाई, भांडून पुन्हा त्याच्याच वावरात मेंढरं बसवते. पुढच्या वर्षी त्यो आपणहून बोलावतो."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. ती फक्त "हो", "हो" म्हणत होती. मग तिनं रिसीव्हर ठेवला.

"दुसऱ्या पोरीलाबी बोलावलंय," ती मला म्हणाली. "दोघींना एकेक गाव देणारेत. जिच्या सांगण्यावरनं जास्त बाया जमतील, ती राहणार."

"म्हंजे अजून लागलीच न्हाई," सोपान म्हणाला. "आन् लगीन तर गेलं."

"सोपान, गप," कुंडलिकभाऊ म्हणाले. ते कळवळून पुष्पाकडं बघत होते. "पोरी, जालिंदर मलाच इचारायला येणार. आन् उद्या खरं पावणं आलं तर मी काय सांगू?"

"आत्ता आयकलं ना तुमी?"

"आयकलं."

"मग तेच सांगा," पुष्पा म्हणाली. "त्यावर बी जो येईल, त्याला दादांकडं धाडा."