दसऱ्याला विसावलेलं मशीन

दसऱ्याच्या दुपारी हर्षला कारखान्यात शिरली आणि टेस्ट रूमच्या दारातच थबकली. आतून आवाज येत नव्हता. पावसाळा सुरू व्हायच्या आधीपासून त्या खोलीत चार मशीनं अखंड घरघरत होती. त्या घरघरीची तिला इतकी सवय झालेली की ती बंद पडल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. आत जाऊन बघते तर काय, चारही मशीनं आंघोळ घालून पुसलेली, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर कुंकवाचं बोट, पुढ्यात आपट्याची पानं. आणि शेजारी हरेशदादा हात जोडून उभा.

"दादा, मशीनं कोणी बंद केली?"

"मी केली. दसरा हाय ना गं ताई आज."

बाई, त्या क्षणी तिच्या डोक्याची शीर अशी उडाली म्हणता! पण हर्षलाचा राग तोंडातून फार येत नाही. ती नुसती दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिली.

खालापूरच्या अलीकडे, हायवेपासून थोडा आत, नीलेश सरांचा हा छोटा कारखाना. तिथं ऑक्सिजनची मशीनं बनायची, घरी वापरायची. साधी हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीनं पेशंटच्या नाकात सोडायचा, एवढंच काम. नवीन मॉडेल बाजारात जाण्याआधी ते किती टिकतं, कुठं दगा देतं, हे शोधायची जबाबदारी हर्षलाची. तिनं अट घातली होती की ही चार मशीनं एक मिनिटही बंद पडता कामा नयेत. लाइट गेली तर जनरेटर, जनरेटर थकला तर बॅटरी. इतके महिने न थांबता चालली म्हणजे कुठल्याही घरात चालतील, असा तिचा हिशेब. आणि उद्या पहिला माल गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांना रवाना व्हायचा होता.

"आता लगेच चालू करा," ती म्हणाली.

"पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाय ताई. माझ्या बापानं कधी दसऱ्याला कोयता उचलला नाय." हरेशदादा शांतपणे बोलला. तो कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "यवढे महिने राबली बिचारी. यका दिवसाच्या इसाव्यानं काय मरत नाय कोण."

हर्षलानं नीलेश सरांना फोन लावला. ते सासुरवाडीला पुरणपोळी हाणत होते. म्हणाले, राहू दे गं, उद्या सकाळी चालू करा, टेस्ट तर झालीच आहे. झालीच आहे कशी म्हणता? शेवटच्या दिवशी खंड पडला तर ती अखंड चाचणी कसली? पण ऐकणार कोण.

संध्याकाळी खालापूरच्या भाड्याच्या खोलीवर ती धुसफुसत बसली होती तेव्हा आईचा फोन आला. आई म्हणजे गौराबाई. कर्जतच्या पुढं, कोंडाणे गावात एकटी राहायची. कर्जतच्या भाताच्या गिरणीत उभा जन्म गेला, आणि त्या तुसाच्या धुळीनं फुप्फुसं खाऊन टाकली. गेल्या वर्षापासून ऑक्सिजनशिवाय तिचं पान हलत नव्हतं. नव्या मॉडेलचं एक मशीन नीलेश सरांनी वापरून बघायला म्हणून तिच्याकडे दिलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी हर्षलानंच ते घरी नेलं, इन्व्हर्टर बसवला, लाइट गेली तरी मशीन थांबू नये म्हणून, आणि अडीनडीला ऑक्सिजनचा एक बाटलाही ठेवला. आणि आईला समजेल असं सांगितलं की हिरवा दिवा लागलेला असला की डोळे मिटून झोपायचं.

"दसऱ्याला आली नाय तू," आई म्हणाली.

"काम होतं गं. आणि काम करूनही सगळं मुसळ केरात." तिनं मशीनांची कहाणी सांगितली.

आई हसली, आणि हसताना तिला खोकला आला. "हरेशनं बरंच केलं की. मी पण पूजा केली आपल्या मशीनची. झेंडू वाह्यला. दिवसभर इसावा दिला त्याला, तवर बाटला लावला मी. आता दिवेलागणीला चालू केलं. हिरवा दिवा हाय बघ."

"बरं," हर्षला म्हणाली. तिचं अर्धं लक्ष नव्हतंच. फोन ठेवून ती परत हरेशदादावर मनातल्या मनात चिडत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेशदादानं नारळ फोडला आणि एकेक मशीन चालू केलं. घरघर सुरू झाली. चारही हिरवे दिवे लागले. हर्षलानं नळ्यांना ऑक्सिजनचा मीटर जोडला, नेहमीसारखा. पहिल्या मशीनचा आकडा नव्वदीच्या वर चढला. दुसऱ्याचा चढता चढता पन्नाशीत अडकला, आणि मग खाली उतरायला लागला. तिला वाटलं मीटर बिघडला. तिनं तोच मीटर परत पहिल्याला लावून बघितला. मीटर ठणठणीत होता. तिसऱ्या आणि चौथ्या मशीनमधून तर जवळजवळ साधी हवाच येत होती, खिडकीतून येते तीच.

आणि दिवे सगळे हिरवे.

"दादा, हे खोला."

हरेशदादानं झाकण काढलं, झडप उघडली. आत एक रबरी वायसर होतं, बांगडीएवढं. ते एका बाजूनं दुमडून बसलेलं. हर्षलानं ते बोटात धरलं आणि तिला सगळं कळलं. महिनोन्महिने मशीन गरम राहिलं, तोवर रबर फुगून गच्च बसलेलं. काल ते पहिल्यांदा थंड झालं, आकसलं, आणि आज पुन्हा दाब आल्यावर वाकडं बसलं. आता हवा न गाळताच पुढं निघून जात होती. दिव्याला त्याचा पत्ता नव्हता, कारण दिवा हवेच्या दाबावर लागायचा. नळीतून जोरात हवा येतेय ना, मग हिरवा. ती हवा कसली आहे हे मोजणारा सेन्सर पुढच्या मॉडेलात घालू, असं ठरलं होतं. त्या बैठकीत हर्षलानंही मान डोलावली होती.

तिनं मशीनांना कधी थंडच होऊ दिलं नव्हतं. जिथं ती मोडणार होती तिथंच तिनं त्यांना जपलं होतं.

मग तिला आईचा आवाज आठवला. दिवसभर इसावा दिला त्याला.

तिनं आईला फोन लावला. लागेना. डोंगराच्या पायथ्याशी तसाही नेटवर्कचा आनंदच. शेजारच्या चंद्राबाईला लावला, तोही लागेना. भातकापणीचे दिवस, सगळे शेतावर. आणि बाटला? बाटला आईनं काल दिवसभर वापरला होता. म्हणजे तोही संपत आलेला.

"दादा, टेंपो काढा," ती म्हणाली. "आईनं पण काल मशीन बंद ठेवलं होतं."

फर्स्ट एडच्या खोलीतला ऑक्सिजनचा बाटला हरेशदादानं खांद्यावर घेतला आणि तो टेंपोकडं पळत सुटला. पोट सुटलेला माणूस, पण काय पळाला.

चौकच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली. हर्षला दर दोन मिनिटांनी फोन लावत होती आणि दर वेळी तीच बाई तेच सांगत होती. मध्येच नीलेश सरांचा फोन आला. गाडी भरतायत, तू कुठं आहेस?

"सर, गाडी भरू नका. तीन मशीनं गेलीत." तिनं घाईघाईनं सांगितलं.

"अगं, ती बंद केली म्हणून गेली ना?" सर म्हणाले. "चालू होती तोवर काही झालं का? गिऱ्हाईक थोडंच रोज दसरा करतं?"

"लोक मशीन बंद करतात सर. गावाला जातात, लाइट जाते, बरं वाटलं की बंद करतात. आपणच तेवढे बंद करत नव्हतो."

"हे बघ, दुपारपर्यंत शब्द दिलाय मी. तू आधी शांत हो, मग बोलू." फोन ठेवला त्यांनी.

हरेशदादा सगळं ऐकत होता. कर्जत मागे पडलं. कोंडिवड्याच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची गर्दी, फार्म हाउसवर सुट्टी घालवायला निघालेल्या. रस्ता तो केवढा, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं शेतात उतरायचं. एक लांबलचक गाडी मधोमध उभी होती आणि आतले लोक डोंगराचे फोटो काढत होते. हरेशदादानं खिडकीतून डोकं काढून अशी काही शिवी हासडली की ती गाडी आपोआप बाजूला झाली.

"ताई," तो मग हळूच म्हणाला, "माझ्यामुळं झालं का गं हे?"

हर्षलाला कालचा सगळा राग आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. "तुमच्यामुळं कळलं, दादा. तुम्ही बंद केली नसती तर मला अजून पत्ता नसता. आई तिकडं गुदमरत बसली असती आणि मी इकडं गाडी भरत असते." आई दिवेलागणीपासून त्या मशीनवर होती. सगळी रात्र. हर्षला मनात एकच धोशा लावून बसली की सगळी मशीनं बिघडत नाहीत, चारातलं एक चांगलं निघालं होतं, आईचंही चांगलं असेल.

घर आलं तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरूनच मशीनची घरघर ऐकू येत होती.

गौराबाई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर चढलेले. नाकात नळी. ओठ जांभळासारखे झालेले. बोलायला तोंड उघडलं तर आवाजाऐवजी नुसती धाप बाहेर आली. समोर मशीन, त्याच्यावर कालचा झेंडू, आणि झेंडूच्या शेजारी टवटवीत हिरवा दिवा.

हरेशदादानं बाटला टेकवला, हर्षलानं नळी मशीनमधून उपटून त्याला जोडली. चावी हरेशदादानं फिरवली. मग दोघं आईपुढं बसून राहिली. करण्यासारखं आणखी काहीच नव्हतं, नुसतं बघायचं. हर्षलानं बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आईच्या बोटाला चढवला. आकडा बघून तिनं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तो थोडा वर सरकला होता. मग आणखी थोडा. ओठांचा रंग हळूहळू पालटला. खांदे खाली उतरले. हरेशदादा उठून ओट्यावर गेला आणि कर्जतच्या दवाखान्यातून गाडी मागवायला नेटवर्क शोधत अंगणात फिरायला लागला.

"आई, रात्रीपासून दम लागत होता ना गं तुला?"

गौराबाईनं मान हलवली. हो.

"मग चंद्राबाईला हाक का नाही मारलीस? हा चिमटा बोटाला लावून बघायचा ना."

"लावला की." आई थांबत थांबत बोलली. "कमी दावत व्हता. म्हटलं, त्याचा सेल गेला असंल."

"आणि जीव घाबरा होत होता, तो?"

गौराबाईनं मशीनकडं बघितलं. "तूच म्हणली व्हतीस, हिरवा दिवा हाय तवर काळजी नाय. दिवा तर हिरवाच व्हता." तिनं श्वास घेतला. "मंग मी म्हटलं, मशीन चांगलं हाय. माझंच संपत आलं. रातभर देवाला सांगत व्हते, मी गेले तर जाऊ दे, पन माझ्या पोरीच्या मशीनला कुनी बोल लावू नये."

हर्षलानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडली, लहान पोर असल्यासारखी. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि विचारत राहिली, काय झालं गं, मी बरी हाय ना आता.

"मशीन चांगलं नव्हतं आई," ती शेवटी म्हणाली. "तुझा दम खरा होता, चिमटाही खरा होता. माझं चुकलं."

ती उठली. मशीनची वायर तिनं भिंतीतून काढली, तेव्हा कुठं तो हिरवा दिवा विझला. मग झेंडूसकट मशीन उचलून ती ओट्यावर आली. हरेशदादाच्या फोनला अंगणाच्या कोपऱ्यात, फणसाखाली, दोन दांड्या नेटवर्क मिळालं होतं. दवाखान्याची गाडी निघाली होती. हर्षलानं तोच फोन घेतला आणि नीलेश सरांना लावला.

"भरलेली गाडी रिकामी करा सर," ती म्हणाली. "मी आईचं मशीन घेऊन येतेय. तुम्ही ते आधी स्वतःच्या नाकाला लावून बघा. दिवा हिरवाच लागेल."