नंबर नसलेलं पिस्तूल

सेवेरिन गोंस्काकडे नऊ पिस्तुलं होती, नऊही एकाच जातीची आणि एकाच कारखान्यातली. रादोम शहरातला तो कारखाना आधी पोलिश सैन्यासाठी पिस्तुलं करायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर घेतलं तेव्हा कारखानाही घेतला आणि त्याच कामगारांकडून तीच पिस्तुलं आपल्या फौजेसाठी करून घेतली. सेवेरिनला हवी असायची ती नेमकी जर्मन अमलाच्या त्या पाच वर्षांतली. तंत्रशाळेत पोरांना लेथ शिकवून निवृत्त झालेला हा माणूस दुपारभर भिंग लावून बसायचा. पहिल्या वर्षांतली पिस्तुलं आरशासारखी गुळगुळीत होती. शेवटच्या वर्षातली कशीबशी उरकलेली, त्यांच्यावर कानशीचे ओरखडे तसेच राहिलेले. प्रत्येकावर नंबर आणि जर्मन तपासनिसाचा गरुडाचा छाप.

"नऊ जणांची तोंडं सारखीच," बायको आल्डोना म्हणायची. "दहावं आणून काय वेगळं दिसणार आहे?"

वेगळं दिसणारं एकच होतं, बिननंबराचं. कामगारांनी सुटे भाग जेवणाच्या डब्यातून, बुटांतून बाहेर काढले होते आणि घरी बसून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांसाठी पिस्तुलं जुळवली होती. जर्मनही काही कमी नव्हते. नळ्या ते रादोममध्ये करूच देत नसत, त्या ऑस्ट्रियात बसवायचे. म्हणून नळी कुठल्या तरी तळघरात चोरून कातावी लागे. सापडला की फास. अशी पिस्तुलं होती हे प्रत्येक संग्राहकाला ठाऊक होतं, पण हातात घेतलेला माणूस सेवेरिनला अजून भेटला नव्हता.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये एका म्हातारीचा फोन आला. नाव ओटिलिया स्कोरेक, राहायला शहराबाहेरच्या एका खेड्यात. "माझ्या नवऱ्याने जुळवलेलं एक आहे," ती म्हणाली. "नंबर नाही. एकटेच या."

दुसऱ्या दिवशी अकराच्या बसने तो निघाला. अंगणातलं बर्फ वितळून चिखल झाला होता. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण नजर तल्लख. तिने त्याला स्वयंपाकघरात भिंतीच्या बाजूला बसवलं, पेल्यात चहा ओतला, खसखशीच्या केकचा तुकडा पुढे केला आणि स्वतः दाराच्या बाजूला बसली. मधल्या टेबलावर फडक्याखाली काहीतरी होतं.

"मास्तर, तुम्ही हिएरोनिम गोंस्काचे ना? कारखान्याच्या जुळणी खात्यातल्या?"

"हो. ओळखत होतात त्यांना?"

"माझे व्हालेन्टी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसायचे." तिने फडकं बाजूला केलं.

खाली पिस्तूल होतं. जिथे नंबर हवा तिथे कोरं पोलाद होतं आणि गरुडाचा मागमूस नव्हता. नळीच्या तोंडावर हाताने चालवलेल्या लेथच्या बारीक, जराशा वाकड्या रेघा. त्याने नकळत हात पुढे केला. तेवढ्यात म्हातारीने दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं, दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढला आणि नळी त्याच्या छातीकडे वळवून मनगटं टेबलावर टेकवली.

"हात खाली ठेवा."

त्याने ठेवले. घोडा अलगद उतरवायची जी छोटी कळ या पिस्तुलाला असते, ती याला नव्हतीच. तो भाग कारखान्यातून बाहेर काढायला कामगारांना जमलं नसावं. म्हणजे ओढलेला घोडा सुखरूप उतरवायची सोयच नव्हती, बोट जरा हललं तरी थेट बार. आणि तिचं बोट चापावरच होतं.

"ओटिलियाबाई, त्यात गोळी आहे का?"

"आहे." ती शांतपणे म्हणाली. "बेचाळीसच्या ऑक्टोबरात जर्मनांनी दोघांना एकाच दिवशी उचललं. तुमचे वडील तिसऱ्या दिवशी घरी आले. माझे व्हालेन्टी कारखान्याच्या फाटकासमोर फासावर लटकलेले दिसले मला. तुमचे वडील कोठडीत काय बोलले, एवढं सांगा. खोटं सांगितलंत तर मला कळेल, मास्तर. पन्नास वर्षं माणसांचं खोटंच ऐकत आलेय."

मागच्या खोलीत घड्याळाची टकटक चालू होती. सेवेरिनच्या मनात सोपी उत्तरं येऊन गेली. वडील निर्दोष होते, ओळखीच्या दुभाष्याने सोडवलं, जर्मनांची गफलत झाली. त्याच्या आईने सगळ्या गल्लीला हेच सांगितलं होतं.

"एक नाव सांगितलं त्यांनी," तो म्हणाला. "मरायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बोलले. कुणाचं, म्हणून मी विचारलं, तर भिंतीकडे तोंड केलं. तुमच्या यजमानांचं असेल. नसेलही. मला खरंच माहीत नाही."

"आणि तुम्ही त्याच कारखान्याची पिस्तुलं गोळा करता."

"ती हातात घेऊन कोण कोण तिथे बसत होतं याचा विचार करतो. आणखी काय करू?"

म्हातारी म्हणाली, "कुठल्याही गोंस्काच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं हे." पण तिची बोटं पिस्तुलावरून सुटेनात. "घ्या. मला आता हे खाली ठेवता येईना."

ते सगळ्यात अवघड होतं. सेवेरिन बसल्या जागेवरून न उठता पुढे झुकला. डाव्या हाताने नळी बाजूच्या भिंतीकडे वळवली, उजव्या हाताचा अंगठा घोड्याच्या पुढच्या फटीत घातला आणि मगच तिची बोटं एकेक करून सोडवली. घोडा निसटलाच. अंगठ्याच्या मांसात तो कचकन बसला, पण बार झाला नाही. रक्ताळलेल्या हातानेच त्याने गोळ्यांचं मॅगझिन काढलं. वरचा सरकता भाग गंजून घट्ट बसला होता. तिसऱ्या हिसक्याला तो मागे आला आणि काडतूस खणकन फरशीवर पडलं.

ते उचलून त्याने उजेडात धरलं. बुडावर मधोमध खोल खळगा होता. म्हणजे घोडा एकदा पडला होता, पण गोळी उडालीच नव्हती.

"हे आधी कुणी चालवलं होतं?"

"मीच." ती त्याच्या अंगठ्याला बांधायला चिंधी फाडत होती. "पंचेचाळीसच्या वसंतात. जर्मन नुकतेच गेले होते. तुमच्या अंगणाच्या कुंपणाशी येऊन उभी राहिले. तुझा बाप लाकडं फोडत होता. तू ढलप्या गोळा करत होतास, एवढासा. मी चाप ओढला, नुसती टक झाली. त्याने मान वर करून पाहिलं, कुऱ्हाड खाली टाकली आणि उभाच राहिला. पळाला नाही. परत घोडा ओढायचा होता फक्त. पण तू त्याच्या पायाशी येऊन उभा राहिलास."

सेवेरिनला कुंपणाशी कुणी बाई आठवली नाही. त्याने खूप आठवून पाहिलं.

मग बिनपरवान्याचं पिस्तूल रीतसर नोंदवायला त्याने शेजारच्या घरातून पोलिसांना फोन केला. तालुक्याचा अंमलदार आला, त्याने पंचनामा केला. अंगठ्याला काय झालं म्हणून विचारलं तेव्हा, "जुनं यंत्र आहे, चिमटा बसला," एवढंच सेवेरिनने सांगितलं. म्हातारी खाली मान घालून केकचा चुरा गोळा करत होती.

कागदपत्रं पुरी होऊन पिस्तूल त्याच्या परवान्यावर यायला शरद उजाडला. त्याआधी तो पिस्तूल ठेवू का म्हणून तिला विचारायला गेला. ती म्हणाली, "ठेवा, पण गरुडवाल्यांच्या रांगेत नको. आणि माझ्या माणसाचं नाव लिहा." चहा झाल्यावर तिने पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. हात चांगले आहेत, तर पंपाचा दट्ट्या बघून द्या म्हणाली.

पिस्तूल घरी आलं त्या संध्याकाळी त्याने "जुळणी: व्हालेन्टी स्कोरेक" अशी चिठ्ठी लिहिली आणि ते वेगळ्या खणात ठेवलं. आल्डोना दारात उभी होती.

"यात काय एवढं?" तिने विचारलं.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. सेवेरिनने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बस," तो म्हणाला. "बाबांबद्दल तुला एक सांगायचं राहिलंय."